पदू सुताराची चार बोटं

चौक गावच्या पदू सुताराकडे टेप नव्हता असं कुणी समजू नये. होता. चांगला लोखंडी, आपोआप गुंडाळला जाणारा, मुंबईहून आणलेला. पण तो पेटीच्या तळाशी, बोथट झालेल्या पटाशीशेजारी पडून असायचा. वखारवाला फुटाइंचात बोलतो म्हणून वखारीत जाताना पदू तो खिशात टाकी आणि परत आल्यावर पुन्हा तळाशी. ट्रकच्या बॉडीची लांबी-रुंदी टेपनं घेतली की संपलं. पुढे दोन फळ्यांमध्ये फट किती, बिजागरी कडेपासून किती आत, पाळण्याच्या दांड्या किती अंतरावर, हे सगळं चार बोटांवर. डाव्या हाताची चार बोटं जुळवायची, आडवी धरायची, वर पेन्सिलीची रेघ ओढायची आणि पुढची फळी मारायची. वीस-बावीस वर्षं मुंबई-पुणे रस्त्यावरून धावलेल्या कितीतरी ट्रकांच्या फटी पदूच्या चार बोटांच्या होत्या.

हे माप त्याला बापानं दिलं. बाप कुंभिवलीत बैलगाडीची चाकं करायचा. पदू एकोणीस वर्षांचा झाला त्या दसऱ्याला, हत्यारं पूजेला मांडलेली असताना, बापानं त्याचा डावा हात पडवीतल्या सागाच्या खांबावर आडवा ठेवला, चार बोटांच्या वर एक आणि खाली एक अशा दोन खाचा पटाशीनं मारल्या आणि म्हणाला, "हे तुजं माप. आता दुसऱ्याचा हात मागू नको." त्या घरातली रीतच ती. खांबावर आजाच्या खाचा होत्या, बापाच्या होत्या, त्यांच्याखाली पदूच्या. पुढे बाप गेला, बैलगाड्या कमी झाल्या, तेव्हा पदूनं तो खांब उपटला, गाडीत घालून चौकला आणला आणि हायवेच्या कडेला गॅरेजांच्या रांगेत शेड बांधली तिच्या मधोमध रोवला. शेजारचे मेस्त्री हसले. पदू म्हणाला, "हसा. तुमच्या पान्यांवर नंबर असतात, माजा नंबर हा."

सोनुबाई ही त्याची बायको. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण डोक्यानं तल्लख आणि जिभेनं तिखट. रोज दुपारी बाराला भाकरीचं फडकं घेऊन शेडवर यायची आणि आल्या आल्या दोन शब्द सुनावायची. त्याच्या शर्टाची गुंडी सैल झालेली तिला वीस पावलांवरून दिसे. म्हणूनच, जे तिला नऊ वर्षं दिसलं नाही त्याचा तिला पुढे आयुष्यभर राग येत राहिला.

१९८४ सालचा फेब्रुवारी. कराडकडचा हिरामण नावाचा ड्रायव्हर आपला जुना ट्रक घेऊन शेडसमोर उभा राहिला. घाटात दुसऱ्या गाडीनं घासल्यामुळे एका बाजूच्या पाच फळ्या मोडल्या होत्या. ही बॉडी पदूनंच एकोणसत्तर साली बांधलेली. मधली पंधरा वर्षं हिरामण गुजरातच्या बाजूला गाडी मारत होता, चौकला फिरकला नव्हता. उतरला तो सरळ आत आला आणि पदूलाच म्हणाला, "राम राम पाव्हणं. पदूशेठ कुठं हाईत?"

पदूला वाटलं थट्टा करतोय. "मेला तो," तो म्हणाला. "मी त्याचं भूत."

हिरामण हसला नाही. त्यानं नीट निरखून पाहिलं. "तुमी थोरलं भाऊ जणू त्यांचं? तोंडवळा हाय थोडा. पर पदूशेठ कसं शिडशिडीत व्हतं."

"अरं मीच पदू!"

हिरामणचं तोंड उघडंच राहिलं. सोनुबाई तेव्हा नेमकी फडकं सोडत होती. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं पाहिलं. ते हसू नव्हतं, ओळख पटल्याचा आनंदही नव्हता. घाबरला होता तो. मग सावरून म्हणाला, "लई अंगानं भरलाय की, शेठ. वैनी, काय चारता काय?"

"दगड," सोनुबाई म्हणाली.

पदूनं काम सुरू केलं. मोडक्या फळ्या काढल्या, नव्या तासल्या, खालून वर लावत निघाला. चार बोटं, फळी, चार बोटं, फळी. पाचवी फळी लावायला गेला तर जागाच नाही. ती वरच्या चौकटीच्या बाहेर जाऊ लागली, चांगली दोन-अडीच इंच. पदूनं सगळ्या फळ्या उसकटल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. पदू सुताराच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"फळ्या रुंद तासल्यास का काय?" सोनुबाईनं विचारलं.

"नाय. जुन्या मापाच्याच हायत. ही बघ, एकावर एक ठेवली."

"शेठ," हिरामण म्हणाला, "गाडी तीच हाय. तुमचाच हात लांबला असंल."

तो चेष्टेनं बोलला. पण पदू उठला, ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथल्या फळ्या शाबूत होत्या, त्याच्याच हातच्या, पंधरा वर्षांपूर्वीच्या. त्यानं चार बोटं जुळवून जुन्या फटीत घातली. बोटं आत गेली नाहीत. करंगळी बाहेर राहिली. त्यानं जोर केला, चामडी खरचटली, तरी करंगळी बाहेरच.

"लाकूड फुगलंय," तो म्हणाला.

फेब्रुवारी महिना, वर ऊन रणरणत होतं आणि सुतार म्हणत होता लाकूड फुगलंय. सोनुबाईनं त्याच्या मनगटाला धरलं आणि ओढत खांबापाशी नेलं. "ठेव हात."

"सोने, सोड."

"ठेव म्हणते ना!"

त्यानं हात ठेवला. तर्जनी वरच्या खाचेला लावली. करंगळी खालची खाच झाकून तिच्याखाली उतरली होती, अर्ध्या बोटाहूनही जास्त. ज्या दोन खाचांत त्याचा हात कुलपात किल्ली बसावी तसा बसायचा, तिथे तो आता मावत नव्हता. हिरामणनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जसं कुणी मयताच्या घरी घेतं.

आता कुणी म्हणेल, एका घरात राहणाऱ्या बाईला नवऱ्याचा हात वाढलेला कळत नाही म्हणजे काय? नाही कळत. रोज बघितलेलं माणूस कधीच बदलत नाही. सोनुबाईला त्या संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर एकेक आठवू लागलं. लग्नातली अंगठी चार वर्षांमागे बोटात रुतली, ती गॅरेजवाल्याच्या करवतीनं कापून काढली, तेव्हा ती म्हणाली होती, "मेलं बोट हाय का केळं!" चपला दर दोन वर्षांनी एक नंबर पुढे, चांभार म्हणाला, वहाण नव्हे होडी शिवतोय, आणि ती खदखदून हसली होती. आवाज घोगरा झाला. जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या. घाम असा की सदरा पिळावा. डोकं रोज दुखायचं, ते तो फडक्यानं आवळून बांधून काम करी. गॅरेजातली माणसं त्याला भीम म्हणत आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता. अभिमान!

आणखी एक होतं. गेलं वर्षभर तो धडकत होता. बाजूला ठेवलेल्या बादलीला, दाराच्या चौकटीला, एकदा उभ्या टेंपोच्या आरशाला. समोरचं त्याला स्वच्छ दिसे, केसाइतकी रेघ दिसे. बाजूचं काही दिसत नसे. तिनं त्यावरही त्याला शिव्याच दिल्या होत्या.

त्याच आठवड्यात खालापूरला डोळ्यांचं शिबिर होतं. ती त्याला घेऊन गेली. तिथले म्हातारे डॉक्टर समोर बसले, पदूला म्हणाले, माझ्या नाकाकडे बघ, आणि आपले दोन्ही हात बाजूंनी हळूहळू पुढे आणत विचारू लागले, "बोट हललेलं दिसलं की सांग." हात पार कानांच्या पुढे, जवळजवळ डोळ्यांसमोर आले तेव्हा पदू म्हणाला, "आता दिसलं." डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. जीभ काढायला लावली. मग सोनुबाईला विचारलं, "अंगठी घालत होते का कधी?"

"कापून काढली," ती म्हणाली. हे यांना कसं कळलं, ते तिला समजेना.

"डोळ्यांत काही नाही, बाई. दुखणं डोक्यात आहे. मुंबईला न्या. उद्याच न्या."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचे फोटो निघाले, नेहमीच्या एक्स-रेसारखे नाहीत, पाव कापावा तसे डोक्याचे काप दाखवणारे. डॉक्टर टिपणीस म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, पण समोरच्याला कळेपर्यंत न उठणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला.

"मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाशी, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. सगळ्यांनाच असते. वाढ किती व्हायची ते ती ठरवते. यांच्या त्या ग्रंथीवर गाठ आली आहे, छोट्या आवळ्याएवढी. ती सारखा एकच हुकूम सोडते, वाढ, वाढ. उंची वाढायचं वय गेलंय, म्हणून हात, पाय, जबडा रुंद होतात. आणि वर डोळ्यांच्या नसा आहेत, त्यांना ती खालून रेटते आहे."

"मंजे?" पदूनं विचारलं.

"असंच सोडलं तर डोळे जातील."

पदू स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "डोळे गेलेला सुतार," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट हवी होती. "हे सुरू कधी झालं? गाठ हळू वाढते आहे की भराभर, त्यावर आमचं पुढचं ठरेल. जुने फोटो आहेत का? लग्नातला? कुठलाही?"

फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आणायची ऐपत कुणाची होती? पदू म्हणाला, दोन वर्सं झाली असतील. सोनुबाई म्हणाली, चार. मग दोघांनाही कळलं की आपल्याला माहीत नाही. आपल्याच घरातलं, आणि माहीत नाही.

"चेहऱ्याचा पत्ता नाय लागणार," सोनुबाई एकदम म्हणाली. "पण हाताचा लागंल. बाई, मला तीन दिवस द्या."

ती पदूला वॉर्डात ठेवून एकटी चौकला आली. शेडमधून सुतळीचा तोडा घेतला. आधी खांबावरच्या दोन खाचांमधलं अंतर सुतळीवर घेतलं, दोन्ही टोकांना गाठ मारली. मग घरी माळ्यावरून लेकीचा पाळणा उतरवला, जयाच्या जन्माच्या वेळचा. दोन दांड्यांमधली फट मोजली, पुढची गाठ मारली. तंतोतंत पहिल्याएवढी. मग शाळेत गेली. शाळेवर कौलं चढली त्या वर्षी पदूनं खिडक्यांना आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. मास्तर वर्गावर, पोरं ओरडतायत, ही खिडकीला सुतळी लावून उभी. तीही तेवढीच. तिला जरा धीर आला.

मग धोंडूबाईच्या घरी गेली. तिथे भांड्यांची मांडणी होती, नसबंदीची गडबड चालली होती त्या वर्षी केलेली.

"काय गं सोने," धोंडूबाई म्हणाली, "माज्या मांडणीला सुतळी कशाला लावतेस? परत न्यायचीय का काय?"

"माप घेते."

"आट वर्सांनी? तवाच नीट घ्यायचं व्हतं. माजी वाटी घरंगळते त्या फटीतनं. पदूला तवाच सांगितलं मी, तर म्हणतो कसा, तुजी वाटीच बारीक हाय. आन तू दात काढत व्हतीस शेजारी उभी राहून."

सोनुबाईनं फट मोजली. सुतळी पहिल्या मापाच्या पुढे गेली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. थोडीच. पण गेली होती. आठ वर्षं! धोंडूबाईची वाटी आठ वर्षं सांगत होती आणि आपण हसत होतो.

"सोने, काय झालं गं? रडतेस? ऱ्हाऊ दे गं वाटीचं, मी आपली बोलले."

पुढे दूध संस्थेतल्या बरण्या ठेवायच्या फळ्या, मग मारुतीच्या देवळाचा कठडा, दोन वर्षांपूर्वीचा. प्रत्येक ठिकाणी फट मागच्यापेक्षा मोठी. शेवटी हिरामणच्या ट्रकसाठी तासलेल्या, आता शेडमध्ये पडलेल्या फळ्यांवरची ताजी पेन्सिलीची रेघ. ती सगळ्यांत मोठी. गावात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, देवळात, शाळेत, मांडणीवर तिच्या नवऱ्याचं दुखणं खिळ्यांनी ठोकून लावलेलं होतं. लोक त्याला टेकून बसत होते.

तिसऱ्या दिवशी तिनं ती सुतळी पदूच्या खाटेशेजारच्या टेबलावर डॉक्टर टिपणीसांपुढे आडवी ताणून धरली. "ही खांबाची. ही लेक झाली तवाची. ही शाळंला कौलं आली ती. ही नसबंदीच्या वर्सातली. हितनं बघा आता."

डॉक्टरांनी पट्टी काढली आणि एकेक अंतर कागदावर लिहिलं. लिहिता लिहिता त्यांचा हात मंदावला. मग त्यांनी दारातून जाणाऱ्या दोघा डॉक्टरांना हाक मारली. तिघं मिळून त्या सुतळीवर वाकले. त्यातला एक पोरसवदा डॉक्टर पुटपुटला, "असं कधी पाहिलं नाही."

"म्हणजे पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास सुरू झालं," डॉक्टर टिपणीस म्हणाल्या. "नऊ वर्षं. सावकाश, पण न थांबता. बाई, तुम्ही मला फोटोपेक्षा चांगलं काहीतरी दिलंत."

"डोक्यात एक गाठ," पदू खाटेवरून म्हणाला, "आन हिच्या सुतळीला बघा किती."

पदूला डोकं फोडून घ्यायचं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डोक्याला पांढरा फेटा बांधलेला त्यानं तीन दिवस बघितला होता. त्यानं विचारलं, "बाई, न कापता जाळून टाकता येत नाय का हिला? कायतरी किरणं असतात म्हणं."

"असतात," डॉक्टर म्हणाल्या. आणि खरं म्हणजे त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, पण सुतळीनं त्यांचं मन जिंकलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या. "परदेशात तीन तऱ्हा आहेत. स्वीडन नावाच्या देशात एक लोखंडी टोप केला आहे. त्याला दोनशे भोकं. प्रत्येक भोकातून एक बारीक किरण येतो, इतका अशक्त की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. पण ते दोनशे एकाच ठिपक्यावर येऊन मिळतात आणि तो ठिपका जळतो."

पदू उठून बसला. "पेन्सिल द्या." त्यानं केसपेपरच्या पाठीवर एक गोल काढला, मधे छोटा गोल आणि चोहीकडून आत येणाऱ्या रेघा. "चाक. हे आरे, हा तुंबा. सगळे आरे तुंब्यात बसतात. माजा बाप जन्मभर हेच करत व्हता."

"अगदी हेच."

"आन दुसरी?"

"दुसरी अमेरिकेत. तिथे किरण एखाददुसऱ्याच बाजूनं सोडतात, पण तो ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो. पलीकडे जात नाही. प्रोटॉन म्हणतात त्याला. तुमच्या या दुखण्यावर तो सगळ्यांत आधी वापरला, मी शाळेत होते तेव्हा."

"मंजे मापाचा खिळा. फळीच्या पल्याड टोक काढत नाय."

डॉक्टर हसल्या. "तिसरी तऱ्हा नवी आहे. नेहमीचंच किरणांचं मशीन डोक्याभोवती फिरवायचं, गाठ मध्यावर धरून. एकच किरण, पण फिरता. दोन-चार ठिकाणी नुकती सुरुवात झाली आहे."

"लेथ," पदू म्हणाला. "फकस्त उलटा. लेथवर लाकूड फिरतं, हितं हत्यार फिरतंय. पण डोकं हललं तर?"

"हलू देतच नाहीत. कवटीला चार स्क्रूंनी चौकट आवळतात आणि तिच्यावरून आडवं, उभं, खोल अशी तीन मापं घेतात. त्याशिवाय मशीन चालू करत नाहीत."

"शिकंजा!" पदूचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांत सोनुबाईनं त्याला असं बघितलं नव्हतं. "बरोबर हाय. शिकंज्याबिगर बारीक काम नाय व्हत. बाई, मला ते चाकाचंच द्या."

सोनुबाई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. तिला तिथे दिसलं आधीच.

"यातलं एकही आपल्याकडे नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज तरी नाही."

पदूची पेन्सिल थांबली. सोनुबाईचा संताप झाला. "मग सांगितलंत कशाला?" ती कडाडली. "उपाशी माणसाला जेवणाचं वर्णन करून सांगतात का? विमानात बसवा त्याला! शेड इकते मी, खांबासकट इकते!"

"विमानात बसवलं असतं तरी उपयोग नव्हता, सोनुबाई. ऐका." डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडावर धरला आणि पदूला विचारलं, "तुमच्यात सूत किती?"

"इंचाचा आटवा भाग."

"त्या किरणांनी गाठ जळते तशी डोळ्याची नसही जळते. दोन्हींच्या मधे निदान सूत-दीड सूत जागा लागते. तुमच्या गाठीच्या आणि नसेच्या मधे," त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं, "काहीच नाही. नस गाठीवर ताणून बसली आहे. ते चाक मी तुमच्या डोक्याला लावलं, तर गाठीबरोबर डोळे मीच घालवीन."

पदू बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिला. समोरचं तर त्याला स्वच्छ दिसत होतं. मग म्हणाला, "सूतभर पण नाय?"

"नाही."

"मग मी पण करवत घातली नसती," तो म्हणाला, आणि कागदावरचं चाक त्यानं घडी करून खिशात ठेवलं. "काय करायचं ते सांगा."

करायचं होतं ते असं: नाकाच्या वाटेनं जाऊन गाठ खालून पोखरायची, डोळ्याच्या नसेवरचा रेटा काढायचा. उरेल तिला पाच आठवडे कोबाल्टच्या मशीनचे किरण, रोज थोडे थोडे. प्लॅस्टरचा मुखवटा करून डोकं धरायचं, त्यावर खुणा करायच्या आणि तीन बाजूंनी किरण सोडायचे.

"तीनच आरे?" पदू म्हणाला. "दोनशे नाय?"

"आमच्याकडे तीनच आरे आहेत. म्हणून सावकाश."

"नाकातनं?" सोनुबाईला अजून तिथेच धक्का बसलेला होता. "डोक्यात नाकातनं जानार?"

"ओठाच्या आतून चीर देऊन, नाकाच्या मागे. मिशी तेवढी काढावी लागेल."

पदूनं दोन्ही हातांनी मिशी झाकली. आंधळेपणाचं ऐकून जो माणूस गप्प राहिला होता, तो मिशीचं ऐकून ओरडला, "मिशी कशाला!" शेजारच्या खाटेवरचा पांढऱ्या फेट्याचा माणूस पहिल्यांदा हसला.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनुबाईला आत सोडलं. पदूच्या नाकात कापसाचे बोळे, तोंड सुजलेलं, मिशीविना चेहरा असा की हिरामण पुन्हा एकदा ओळखणार नाही. तो छताकडे तोंड करून पडला होता. तिनं मुद्दाम हाक मारली नाही. आवाज न करता भिंतीच्या कडेनं गेली आणि खाटेच्या बाजूला, उशीच्या रेषेत, जिथे गेलं वर्षभर तिचं असणं-नसणं त्याला सारखंच होतं, तिथे उभी राहिली. हात पोटाशी घट्ट धरून. श्वासही हळू घेत.

क्षणभर काही नाही. तिला वाटलं, गेलं. आपल्याला मेलं कशाला एवढं शहाणपण सुचलं, वाट बघायची होती, डॉक्टर सांगतीलच.

"सोने," पदू मान न वळवता, बोळ्यांमधून म्हणाला, "भिताडाला कशाला चिकटलीस? आन पदर नीट कर, खोचलेला सुटलाय."

पदर नीट करायला गेलेला तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं खाटेची कड पकडली आणि खाली बसली, फरशीवरच, आणि नर्सनं उठवलं तेव्हा उठली.

कोबाल्टचे पाच आठवडे झाले. रोज मुखवट्यात डोकं घालून पडायचं, रोज तोच मुलगा खुणा तपासायचा. एकदा त्या मुलानं खूण जरा घाईनं जुळवली तर पदू मुखवट्यातून गुरगुरला, "अर्धा सूत डावीकडं गेलास." मुलानं पुन्हा जुळवलं, गेलाच होता. निघताना डॉक्टर टिपणीसांनी स्पष्ट सांगितलं की सूज थोडी उतरेल, घाम आणि डोकेदुखी कमी होईल, पण वाढलेलं हाड मागे जात नाही. किरणांचा गुण यायला वर्षं लागतात, आणि तोवर गाठ पुन्हा उचल खाणार नाही याची खात्री नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. आणि मधे काही वेगळं वाटलं तर लगेच.

"वेगळं आमाला कधी वाटलंय?" सोनुबाई म्हणाली. "नऊ वर्सं नाय वाटलं."

चौकला आल्यावर पदूनं पहिलं काम केलं ते हे. सोनुबाईच्या सुतळीवरच्या पहिल्या दोन गाठींमधलं माप घेऊन सागाचा एक ठोकळा कापला, पॉलिश केला, आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवला. फळ्यांच्या फटी आता त्या ठोकळ्यानं ठरायच्या. हिरामणची गाडी पुन्हा आली तेव्हा पाचवी फळी चौकटीत अशी बसली की हिरामणनं दोनदा हात फिरवून पाहिला. "शेठ, आता हाताचा भरवसा नाय का?" त्यानं विचारलं. "हात खोटारडा निघाला," पदू म्हणाला. त्यानं दुसरं काम केलं ते म्हणजे जुन्या खाचांच्या खाली, त्याच खांबावर, आजारी हाताच्या दोन नव्या खाचा मारल्या.

"ही कशाला अवदसा?" सोनुबाई चिडली. "पुन्हा त्याच मापानं कामं करनार?"

"कामाला नाय. ही हद्द हाय. हिच्या भाईर हात गेला की मुंबई."

त्या वर्षीचा दसरा आला. शेडमध्ये हत्यारं मांडली, करवत, वाकस, पटाशा, गुण्या आणि तो ठोकळा. झेंडूची माळ खांबाला बांधली. आणि पदू हात धुऊन खांबासमोर उभा राहिला. नव्या खाचा मारल्या त्याला पाच महिने झाले होते. दोघांपैकी कुणीही या पाच महिन्यांत तो हात खांबाला लावला नव्हता, आणि का लावला नाही हे दोघंही एकमेकांशी बोलली नव्हती. रस्त्यावरून ट्रक जात होते, शेडचे पत्रे थरथरत होते.

"ठेव," सोनुबाई म्हणाली.

"तू बघ. मी नाय बघत."

त्यानं तोंड फिरवलं आणि हात खांबावर आडवा ठेवला. सोनुबाईनं तर्जनी धरून नव्या खाचांतल्या वरच्या खाचेला नीट लावली आणि वाकून करंगळीपाशी डोळा नेला. मग तशीच राहिली.

"काय?" पदू म्हणाला. "सोने? भाईर गेला? बोल की गं!"

करंगळी आणि खालची खाच यांच्या मधे उजेड दिसत होता. तिनं ठोकळ्याशेजारची पेन्सिल उचलली, टोकानं चाचपून पाहिलं. पेन्सिलीचं टोक आत गेलं.

"सूतभर," ती म्हणाली. "आत हाय. सूतभर आत हाय."

पदूनं वळून बघितलं, स्वतः वाकून बघितलं, मग पुन्हा बघितलं. "सूत नाय," तो शेवटी म्हणाला. "पाऊण सूत. उगं वाढवून सांगू नकोस. जा, हळदकुंकू आण."